जिरोनाहून एम्पुर्दाच्या जुन्या गावांकडे: रोड सायकलवरच्या पहिल्या प्रवासाची तयारी आणि मार्ग

स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅटलोनियातील जिरोना शहर आणि भूमध्य समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात बाश एम्पुर्दा नावाचा प्रदेश आहे. मध्ययुगीन दगडी गावे इथे एकमेकांपासून जेमतेम चार-पाच किलोमीटरवर आहेत. त्यांना जोडणारे रस्ते अरुंद, डांबरी आणि बहुतांशी शांत आहेत, आणि मोठा चढ टाळायचा असेल तर तो टाळूनही दिवसभर सायकल चालवता येते. माझ्या मते, स्पेनच्या ग्रामीण भागात प्रथमच रोड सायकल चालवू इच्छिणाऱ्यांसाठी सुरुवात करायला यापेक्षा सोयीचा प्रदेश क्वचितच असेल. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून परदेशी व्यावसायिक सायकलपटू जिरोनात राहून सराव करत आले आहेत. त्यामुळे भाड्याच्या चांगल्या सायकली, दुरुस्तीची दुकाने आणि सायकलस्वारांची सवय झालेले वाहनचालक या तिन्ही गोष्टी इथे एकत्र मिळतात.

एक गोष्ट आधीच मनाशी ठरवावी. पुण्या-नाशिकचे आपले बरेच सायकलस्वार दिवसाचा हिशोब किलोमीटरमध्ये करतात. तो हिशोब इथे उपयोगाचा नाही. या प्रदेशात दिवस आखायचा तो गावांवरून आणि घड्याळावरून: कोणत्या गावात किती वेळ थांबायचे, जेवण कुठे आणि किती वाजता, आणि परतीची आगगाडी कोणत्या स्थानकावरून. किलोमीटर आपोआप होतात. ऐंशी किलोमीटरच्या फेरीत सहा गावे धावतपळत पाहण्यापेक्षा पन्नास किलोमीटरमध्ये तीन गावे नीट पाहणे कितीतरी समाधानाचे असते.

कधी जावे

एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर ते ऑक्टोबर हे दोन हंगाम सर्वांत चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते आणि समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्यांमुळे एरवी शांत असलेले रस्तेही गजबजतात. मे महिन्यात जिरोनाच्या जुन्या शहरात फुलांचा मोठा उत्सव भरतो. तो पाहण्यासारखा असला, तरी त्या दिवसांत राहण्याची जागा मिळणे अवघड असते, म्हणून तारखा पाहूनच आरक्षण करावे.

पहाटे पाचला निघण्याची सवय इथे बाजूला ठेवावी लागते. स्पेनचे घड्याळ सूर्याच्या बरेच पुढे चालते. ऑक्टोबरच्या मध्यावर जिरोनात सकाळी आठच्या सुमारास उजाडते, आणि जूनच्या अखेरीस रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. वसंतात व शरदात सकाळी नऊला निघणे योग्य. तेव्हा दरीतले धुके विरलेले असते आणि गावातल्या बेकऱ्याही उघडलेल्या असतात.

वाऱ्याचीही चौकशी करावी. एम्पुर्दात उत्तरेकडून येणारा ‘त्रामुंताना’ हा वारा कधीकधी इतका जोराचा असतो की सपाट, उघड्या शेतांमधून जाताना सायकल अक्षरशः बाजूला ढकलली जाते. हवामानाच्या अंदाजात उत्तरेच्या जोरदार वाऱ्याचा इशारा असेल, तर त्या दिवशी समुद्राकडच्या सपाट भागात न जाता डोंगराच्या आडोशाने जाणारा मार्ग घ्यावा किंवा शहरातच थांबावे.

पोहोचणे आणि सायकल मिळवणे

भारतीय पारपत्रावर स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासविमा अनिवार्य असतो. हा विमा घेताना त्यात सायकल चालवताना झालेली दुखापत समाविष्ट आहे का, हे कागदावर वाचून खात्री करून घ्यावी. काही पॉलिसींमध्ये सायकलिंग हा साहसी खेळ मानून वगळलेले असते.

बार्सिलोनाच्या सांत्स स्थानकावरून जिरोनाला वेगवान गाडीने सुमारे ४० मिनिटे लागतात, तर साध्या प्रादेशिक गाडीला तासाभरापेक्षा अधिक वेळ लागतो. वेगवान गाडीत सायकल न्यायची तर ती सुटी करून पिशवीत किंवा पेटीत बांधावी लागते. प्रादेशिक गाड्यांत मात्र जागा असेल तर जोडलेली सायकल तशीच नेता येते. पहिल्या प्रवासात भारतातून स्वतःची सायकल नेण्याचा खटाटोप करू नये, असेच मी सुचवेन. विमानातली पेटी, तिचे भाडे आणि वाटेत गिअरला बसणारा धक्का हे सगळे टाळून जिरोनातच चांगली सायकल भाड्याने घेता येते.

आरक्षण करताना दुकानदार तुमची उंची विचारतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. घरच्या सायकलवर पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून न्यावे. तो आकडा दाखवला की दोन मिनिटांत सीट बरोबर उंचीवर बसते आणि गुडघे दुखण्याचा धोका कमी होतो. पेडलमध्ये अडकणारे क्लिपचे बूट वापरत असाल तर बुटांबरोबर स्वतःचे पेडलही न्यावेत. टायर किमान २८ मिलिमीटर रुंदीचे मागावेत, कारण गावांमधल्या गल्ल्या दगडी असतात. गिअरच्या बाबतीत पुढे ३४ दातांची लहान चकती आणि मागे ३२ किंवा त्याहून अधिक दातांचे चक्र असेल, तर या लेखातला कोणताही चढ बसूनच पार होतो.

सायकल ताब्यात घेतल्यावर दुकानाच्या दारातच ब्रेक तपासावेत. आपल्याकडे साधारणपणे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. युरोपच्या मुख्य भूमीवर मात्र बहुधा डावा ब्रेक पुढच्या चाकाला आणि उजवा मागच्या चाकाला लागतो. उतारावर घाईत चुकीचा ब्रेक जोरात दाबला गेला, तर सायकलस्वार हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. सायकल हाताने ढकलत एकेक ब्रेक दाबून कोणते चाक थांबते ते पाहावे. ते सवयीच्या उलट असेल तर दुकानदाराला तारा बदलून देता येतील का ते विचारावे, नाही तर रिकाम्या रस्त्यावर पंधरा मिनिटे सराव करूनच शहराबाहेर पडावे. दोन जास्तीच्या ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, छोटा पंप आणि षटकोनी पान्यांचा संच दुकानातूनच मागून घ्यावा.

रस्त्याचे नियम

स्पेनमध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात. सरळ रस्त्यावर हे लगेच अंगवळणी पडते. घोटाळा होतो तो थांबून पुन्हा निघताना, विशेषतः गावातल्या चौकात छायाचित्र काढून किंवा जेवण करून रिकाम्या रस्त्यावर आल्यावर. समोर एकही गाडी नसते आणि सवयीने आपण डावी बाजू धरतो. म्हणून प्रत्येक थांब्यानंतर पेडलवर पाय ठेवण्यापूर्वी ‘उजवीकडे’ असे स्वतःशी म्हणण्याची सवय लावावी. गटात असाल तर हे काम एकाकडे सोपवावे. चौकातल्या गोल बेटाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरायचे असते आणि आत आधीपासून असलेल्या वाहनाला प्राधान्य असते, म्हणून आत शिरण्यापूर्वी डावीकडे पाहावे.

गावाबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचे आहे. दोघांनी शेजारीशेजारी सायकल चालवण्यास परवानगी आहे, मात्र वळणावर पुढचे दिसत नसेल किंवा मागे गाड्या साचत असतील तर एकामागे एक व्हावे. सायकलला ओलांडताना मोटारचालकाने किमान दीड मीटर अंतर ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यासाठी त्याला मधली अखंड रेषाही ओलांडता येते. त्यामुळे मागून आलेली मोटार बराच वेळ सावकाश मागेच राहिली तर बिचकून रस्त्याच्या कडेला उतरू नये. चालक जागा मिळण्याची वाट पाहत असतो. कानात इयरफोन घालून सायकल चालवणे नियमबाह्य आहे, आणि मद्यपानाची मर्यादा सायकलस्वारालाही लागू होते. अपघात झाल्यास ११२ हा एकच क्रमांक सर्व सेवांसाठी आहे.

पाटीचा रंग पाहून रस्ता निवडावा

रस्ता निवडण्याची सर्वांत सोपी आणि भरवशाची खूण म्हणजे रस्त्याच्या क्रमांकाच्या पाटीचा रंग. निळी पाटी म्हणजे द्रुतगती मार्ग. तिथे आपले काम नाही. लाल पाटी राष्ट्रीय महामार्गाची. नारिंगी पाटी प्रांतातल्या मुख्य रस्त्याची असते. जिरोनाहून ला बिस्बालकडे जाणारा सी-६६ हा असाच रस्ता असून त्यावर अवजड वाहनेही असतात. हिरवी पाटी त्याखालच्या दर्जाच्या रस्त्याची आणि पिवळी पाटी गावांना जोडणाऱ्या स्थानिक रस्त्याची. पिवळी पाटी दिसली की निश्चिंत व्हावे. मोबाइलवरचे नकाशे कमीत कमी अंतर शोधताना पुष्कळदा सी-६६ सुचवतात किंवा थेट शेतातल्या मातीच्या वाटेवर नेतात. म्हणून आदल्या रात्री संपूर्ण मार्ग नजरेखालून घालावा, मधली गावे एकेक करून त्यात घालावीत आणि तो सायकलच्या संगणकात उतरवून ठेवावा. पाट्यांवरची नावे कॅटलान भाषेतली असतात, तेव्हा गावांची नावे त्याच रूपात लिहून घ्यावीत.

पहिला दिवस: पाय मोकळे करणे

प्रवासाचा शीण असताना पहिल्याच दिवशी मोठी फेरी करू नये. जिरोनाहून सांत फेलिउ दे गिशोल्स या किनाऱ्यावरच्या गावापर्यंत १८९२ ते १९६९ या काळात अरुंदमापी रेल्वे धावत होती. तिच्या जुन्या मार्गावर आता सुमारे ४० किलोमीटरची सायकलवाट आहे. तिला ‘व्हिया व्हेर्दा’, म्हणजे हरित मार्ग, म्हणतात. रेल्वेचाच मार्ग असल्यामुळे चढ अगदी सौम्य आहे. वाट बहुतेक ठिकाणी दाबलेल्या बारीक खडीची आहे, त्यामुळे २८ मिलिमीटरच्या टायरवर ती कोरड्या दिवशी चालते, पावसानंतर मात्र टाळावी. क्वार्त आणि कास्सा दे ला सेल्वापर्यंत जाऊन परत यावे. भाड्याच्या सायकलची सीट, ब्रेक आणि गिअर यांत काही खटकत असेल तर ते याच दिवशी कळते आणि संध्याकाळी दुकानात दुरुस्तही करून घेता येते.

दुसरा दिवस: गावांची फेरी

जिरोनाच्या पूर्वेला गावारेस नावाची बुचाच्या ओक वृक्षांची डोंगररांग आहे. तिच्यावर ४८५ मीटर उंचीवर एल्स आंजेल्स हे देवस्थान आहे. शहरातून तिथपर्यंतचा चढ सुमारे १० किलोमीटरचा असून त्याची सरासरी चार टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्या घाटांची सवय असलेल्याला तो जड जाणार नाही. नवख्यानेही सुरुवातीचे दोन किलोमीटर मुद्दाम हळू, म्हणजे शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या गतीने काढले, तर वर पोहोचेपर्यंत दम पुरतो. वळणे मोठी आणि सावलीची आहेत. खोडांची साल काढलेले ओक वाटेत दिसतात. ताजी साल काढलेला भाग तांबूस असतो आणि वर्षागणिक काळवंडत जातो. याच देवस्थानात १९५८ साली चित्रकार साल्व्हादोर दाली आणि त्याची पत्नी गाला यांचा धार्मिक विवाह झाला होता. वर पाणी भरून घ्यावे, आणि उतारासाठी वाऱ्यापासून बचाव करणारे पातळ जाकीट चढवावे.

उतार मादरेमान्याकडे जातो. रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, झाडांच्या सावलीत ओल राहिलेली असते, आणि समोरून वर येणारे सायकलस्वारही पुष्कळ असतात. तेव्हा वेग आवरावा. मादरेमान्याचे तटबंदीसारखे भक्कम चर्च दिसले की डोंगर संपला. पुढे चार-पाच किलोमीटरवर मुनेल्स लागते. हा दिवसातला पहिला मोठा थांबा करावा. या गावाचा चौक बहुतेक बाजूंनी दगडी कमानींच्या ओवऱ्यांनी वेढलेला आहे, पण एकही कमान दुसरीसारखी नाही. काही गोल, काही बसक्या, काहींचे खांब माणसाच्या छातीइतके रुंद. मध्ययुगात इथे मोठा बाजार भरत असे आणि इथले धान्याचे माप आसपासच्या गावांतही प्रमाण मानले जाई. सायकल ओवरीच्या खांबाला न टेकवता मोकळ्या भिंतीला लावावी. या वास्तू जपलेल्या आहेत आणि लोक त्यात राहतात.

मुनेल्सहून क्रुईल्येसमार्गे ला बिस्बालला यावे. क्रुईल्येसचा उंच गोल बुरूज दुरूनच दिसतो. ला बिस्बाल हे मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले बाजारगाव आहे. दुकाने, औषधे, बँक हे सारे इथे आहे, शुक्रवारी आठवडी बाजार भरतो. इथे जास्त वेळ घालवण्याची गरज नाही, पुढे पेराताल्यादा आहे.

पेराताल्यादाला मात्र तासभर द्यावा. गावाच्या तटाभोवतीचा खंदक बांधलेला नाही, तो सलग खडकात खोदून काढला आहे, आणि त्याच्या भिंतींवर छिन्नीच्या खुणा आजही बोटाने चाचपता येतात. आतल्या गल्ल्या त्याच खडकावर आणि ओबडधोबड दगडी फरसबंदीवर आहेत. वेशीशीच सायकलवरून उतरावे. क्लिपच्या बुटांनी या दगडावर पाय सटकतो, म्हणून क्लिपवर चढवायच्या रबरी टोप्या किंवा पातळ चपला जवळ ठेवाव्यात, आणि सायकल खांद्याला घेऊन किंवा हळू ढकलत हिंडावे. पिढ्यान्पिढ्यांचे काम इथे घरांच्या भिंती, पायऱ्या, पाण्याच्या पन्हाळ्या अशा साध्या गोष्टींत दिसते. घाईने जाणाऱ्याला ते दिसत नाही.

इथून दोन वाटा फुटतात. ताकद आणि वेळ असेल तर आणखी सहा-सात किलोमीटरवर पाल्स आहे. टेकडीवरच्या या गावातला गोल रोमनेस्क (मध्ययुगीन शैलीचा) बुरूज आणि त्यापलीकडची सज्जासारखी जागा पाहावी; तिथून समुद्र, मेदेस बेटे आणि माँग्रीचा बोडका डोंगर एका नजरेत येतात. खाली भातखाचरे आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांत पाणी सोडलेले असते आणि कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. कोकणातून आलेल्या वाचकाला इथे थांबावेसे वाटेलच. वारा असेल किंवा पाय बोलू लागले असतील तर पाल्स सोडून थेट उल्यास्त्रेतला वळावे. गावाजवळच्या टेकडीवर इसवी सनापूर्वी सहाव्या शतकापासून वसलेल्या इबेरियन (रोमनांच्या आधीच्या) लोकांच्या नगराचे अवशेष आहेत; तटाचे बुरूज, धान्याची कोठारे आणि पाण्याच्या टाक्या उघड्यावर पाहता येतात. संग्रहालय सहसा सोमवारी बंद असते.

परतीला फुशा आणि ला पेरा या बाजूच्या लहान रस्त्यांनी फ्लासाकडे यावे. ला पेराजवळ पूबोल येथे दालीने गालाला दिलेला वाडा आहे. १९८२ साली तिचे दफन तिथेच झाले. फ्लासाला रेल्वे स्थानक आहे, आणि जिरोनाला जाणारी प्रादेशिक गाडी सुमारे पंधरा मिनिटांत पोहोचवते. नवख्या सायकलस्वाराने ही गाडी आधीपासूनच बेतात धरावी, असा माझा आग्रह आहे. फ्लासापासून पुढे जिरोनाकडे रहदारी वाढत जाते, आणि दमलेल्या अवस्थेत संध्याकाळच्या गर्दीत शहरात शिरण्यात काही शौर्य नाही. एल्स आंजेल्सचा चढ नको असेल तर हीच युक्ती उलटी वापरावी: सकाळी गाडीने फ्लासाला यावे आणि तिथूनच मुनेल्स, पेराताल्यादा, उल्यास्त्रेत अशी साधारण ५० किलोमीटरची फेरी करून परत फ्लासाला यावे. पूर्ण फेरी पाल्ससह सुमारे ८० ते ९० किलोमीटरची होते.

जेवण आणि पाणी

गावातली दुकाने दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात आणि पाचच्या आसपास पुन्हा उघडतात. खानावळींत दुपारचे जेवण साधारण एक ते साडेतीन या वेळेत मिळते. चारला पोहोचलात तर स्वयंपाकघर बंद झालेले असते. रविवारी दुपारी खानावळी भरलेल्या असतात, सोमवारी अनेक बंद असतात. म्हणून गावांची फेरी मंगळवार ते शनिवारच्या दरम्यान ठेवावी. कामाच्या दिवशी ‘मेनू देल दिया’ हे ठरलेल्या दराचे जेवण घ्यावे. दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी त्यात येते.

शाकाहारी व्यक्तीने थोडी आधी तयारी करावी. हिरव्या सॅलडमध्ये टूना मासा न विचारता घातलेला असतो, म्हणून ‘सेन्से तुन्यीना’ म्हणजे टूनाविना असे सांगावे. ‘सेन्से कार्न, सेन्से पेश’ म्हणजे मांस नको, मासे नकोत. भाजलेली वांगी, ढोबळी मिरची आणि कांदा यांची ‘एस्कालिवादा’ आणि टोमॅटो चोळून तेल घातलेला पाव हे सर्वत्र मिळतात. अंडी चालत असतील तर बटाट्याचे जाड ऑम्लेट पोटभरीचे आहे. तरीही खजूर, चिक्की किंवा राजगिऱ्याच्या वड्या खिशात असाव्यात. भर दुपारी दोन गावांमध्ये खाण्याचे काही मिळत नाही. गावच्या नळावर ‘नो पोताब्ले’ लिहिले असेल तर ते पाणी पिऊ नये. दोन बाटल्या भरलेल्या असल्याशिवाय दुपारी गाव सोडू नये.

त्यानंतर

तिसऱ्या दिवशी उत्तरेकडे बान्योलेसला जाता येते. १९९२च्या ऑलिंपिकमधल्या नौकानयन (रोइंग) स्पर्धा तिथल्या तलावावर झाल्या होत्या. तिथून पुढे बेसालू आहे. नदीवरचा त्याचा तटबंदीचा मध्ययुगीन पूल मध्येच वळण घेतो, आणि १९६४ साली तिथे ज्यू समाजाचे मध्ययुगीन स्नानगृह सापडले. बान्योलेसजवळचा रोकाकोर्बा हा चढ सायकलपटूंमध्ये फार नावाजलेला आहे, पण त्यातले काही टप्पे चांगलेच तीव्र आहेत आणि वर गाव नाही. ज्याला गावे पाहायची आहेत त्याने तो पुढच्या खेपेसाठी ठेवावा आणि बेसालूच्या पुलाशी सकाळी, पर्यटकांच्या बसगाड्या येण्यापूर्वी पोहोचावे.